शेजारच्या खुर्चीचा पट्टा

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी विमानात एकटी बसले की मी अजून उजवं कोपर आवरून बसते. तुमचं पोट मोठं, केबिन एवढीशी, आणि विमान शिकताना माझा धक्का लागला की तुम्ही म्हणायचात, "बेटा, तुझी जागा तुला, माझी मला." ती जागा अजून तुमचीच आहे.

मला पहिल्यांदा एकटीला उडायला सोडलंत तो दिवस. चिकलठाण्याची धावपट्टी उन्हानं तापलेली, इंजिन चालूच, आणि तुम्ही एकदम दार उघडून उतरता. मग आत वाकून स्वतःच्या रिकाम्या खुर्चीचा पट्टा करकचून आवळता. सुटा पट्टा हवेत कशात तरी अडकतो, म्हणून बांधायचाच असतो, हे मला ठाऊक होतं. तरी तो बांधताना बघून मी समोरचा दांडा दोन्ही मुठींत आवळला. तुम्ही माझ्या मुठींकडे बघितलंत. "लई घट्ट धरू नको. विमान हाय ते, म्हशीचं दावं नाय." गावी, पाचोडला, आमच्या दारात खरंच म्हशी होत्या. मला असा राग आला, की त्या रागातच मी नीट उडाले आणि नीट उतरले. तुम्ही नुसतं म्हणालात, "मी शेजारीच व्हतो की."

मग उड्डाणाचे तास जमवायचे दिवस आले. छोट्या विमान कंपनीलाही नुसता परवाना पुरत नाही, हवेतला अनुभव लागतो. रोज सकाळी तुम्ही पट्टा बांधून द्यायचात आणि मी एकटीच निघायची. त्या सकाळीही दिलात. मी जायकवाडीच्या पाण्यावरून वळून, पाचोडवर आमचं शेत शोधून परत आले, तर हँगरपाशी माणसं गोळा झालेली. चहा पिता पिता तुम्ही बसल्या जागी गेला होतात. मी उलट्या पावली विमानाकडे गेले. तुमच्या हातानं आवळलेला पट्टा तसाच होता. माझ्याच्यानं तो सोडवेना. शेवटी मेकॅनिक चाचांनी सोडला, तोंड फिरवून.

आता मीच शिकवते. पोरांच्या शेजारी तुमच्या खुर्चीत बसते आणि तुमचं ते म्हशीचं दावं त्यांनाही ऐकवते. माझ्या हाताखालची पोरं कंपन्यांत लागली. आता शहरात, गारखेड्याच्या घरी, आई विचारते, "झाले का गं तुझे तास?" मी म्हणते, "थोडे कमी हायेत अजून." साफ खोटं. तास कधीच पुरे झालेत. पण कंपनीत एकटीनं उडणं नाही, शेजारी रोज जिवंत माणूस बसणार, सर. मग तुम्ही कुठं बसाल? मला त्याची भीती वाटते.

कंपनीच्या अर्जाची मुदत उद्या संपते. म्हणून आज, दुरुस्तीनंतर विमान तपासायला एकटीच उडाले, आणि उतरल्यावर तुमच्या बाजूचा पट्टा आधी सोडला. तिकडचं दार उघडलं. म्हटलं, "सर, उतरा आता." नुसता वारा आत आला. चाचा लांबून बघत होते, जवळ आले नाहीत.

हे पत्र कुठं टाकणार, माझ्याच कपाटात राहील. पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. ते दार मीच आतून लावून घेतलं आणि तुमचा पट्टा परत बांधला.