बी-४०३ ची ओळ

३ फेब्रुवारी

...आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी पाणी पावणेसहालाच आलं होतं. मी पिंप भरलं, डाळ भिजत घातली. हे बाल्कनीत बूट पुसत बसले होते. ‘चहा टाक,’ म्हणाले. टाकला. कप घेऊन आले तर मान कलंडलेली.

गेटजवळच्या फळ्यावर सोसायटीने लिहिलं — बी-४०३, दुःखद निधन, अंत्ययात्रा दहा वाजता. बस्स! चाळीस वर्षांचा संसार, एवढ्यात आटपला.

तेव्हापासून इमारतीत कोणी गेलं की फळा मीच लिहिते. शाळा पहिलीतच सुटलेली, वाचायला शिकले ती लग्नानंतर, वाण्याच्या पुड्यांवरून. पण गेलेल्या माणसाची एक खरी ओळ टाकतेच.

७ फेब्रुवारी

तळमजल्यावरच्या विमलाबाई गेल्या. लिहिलं — ‘वाटीभर पीठ मागून न्यायच्या, वाटी परत यायची ती दोन लाडू घेऊन.’

निकेत, आमचा नवा सेक्रेटरी, म्हणतो, ‘मावशी, नोटीस आहे ही, कादंबरी नाही!’

म्हटलं, ‘गप रे, तुझीही ओळ माझ्याच हातात आहे!’

हसला. पुसलं मात्र नाही.

संध्याकाळी विमलाबाईंचा मुलगा पराग फळ्यासमोर कितीतरी वेळ उभा. ‘काकू, पेपरात एवढी मोठी जाहिरात दिली. आई इथे सापडली.’

छाती फुगली माझी. खोटं कशाला लिहू!

८ फेब्रुवारी

वॉचमन चंदन विचारतो, ‘आंटी, साहब का क्या लिखा था आपने?’

यांचं काहीच लिहिलं नव्हतं मी.

११ फेब्रुवारी

पंधराला यांना जाऊन दोन वर्षं होतील. त्या दिवशी यांची ओळ लिहायचीच, ठरवलंय. पण फळ्यावर आधी नाव लागतं. ते मी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी तोंडातून काढलेलं नाही. घरात ‘अहो’, बाहेर ‘आमचे हे’. फॉर्मवरसुद्धा तेवढी जागा दुसऱ्याकडून भरून घेते.

शेजारच्या डेझीला सांगितलं. ती उत्तनची ख्रिस्ती, बिनधास्त. ‘अगं, मी तर नवऱ्याला, एडविनला, नावानेच हाक मारते. रागात असले तर पुढे आणखी काय काय लावते!’

पोट दुखेपर्यंत हसलो दोघी. घरी येऊन पेन धरलं. नावाची जागा कोरी सोडून पेन परत ठेवलं.

१४ फेब्रुवारी

पाच ओळी लिहिल्या, पाचही खोडल्या. प्रत्येकीत ‘हे’. वाचणारे विचारतील — हे म्हणजे कोण?

दुसऱ्यांच्या माणसांना नावानिशी उभं केलं मी. माझंच तेवढं राहिलं.

१५ फेब्रुवारी

सकाळी सहाला खाली गेले. फळा ओल्या फडक्याने पुसला. मोठ्या अक्षरात लिहिलं —

दशरथ म्हात्रे. बायको वाचायला शिकली त्या दिवसापासून पेपर आधी तिला द्यायचे.