सात मिनिटे पुढचा मीटर

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०:०० (हजेरीच्या थंब मशीनप्रमाणे)

घडले ते असे:
१. अकोल्याच्या अब्दुल रहीम यांनी बनवलेला पॉवर क्वालिटी मीटर आमच्या अमरावतीच्या लॅबमध्ये टेस्टिंगला आला. वीज गडबडली की हा मीटर त्या क्षणाची लाट टिपतो आणि तिच्यावर वेळ लिहितो.
२. ११:३०:०० ला मी व्होल्टेज मुद्दाम पाडले.
३. मीटरने लाट नीट टिपली. वेळ लिहिली ११:३७:००.
४. चार वेळा केले. चारही वेळा सात मिनिटे पुढे.
५. म्हणजे हा मीटर अजून न आलेली वेळ लिहितो.

शिसारी आली. बरोबर सात. चूकसुद्धा इतकी नेटकी.

४ फेब्रुवारी, मंगळवार. १०:०० (मशीन)

केबल बदलली. मीटरचा सॅटेलाइटवरून वेळ घेणारा छोटा अँटेना खिडकीत हलवून पाहिला. ग्रीनिच आणि भारतीय वेळेतला साडेपाच तासांचा घोळ असेल असे वाटले, पण साडेपाच तास म्हणजे सात मिनिटे नव्हेत. फरक तेवढाच.

हा अँटेना जुन्या शहरातल्या कुठल्यातरी गल्लीतून घेतला असणार. आमच्या लॅबचा अँटेना चांगल्या कंपनीचा होता. डिसेंबरात वानरांनी छपरावरून ओढून नेला. तेव्हापासून माझा रेफरन्स कॉम्प्युटर, ज्याच्याशी मी मीटरची वेळ ताडून पाहते, ऑफिसच्या कॉम्प्युटरकडून वेळ घेतो. थंब मशीनही तिथूनच चालते. एका छपराखाली एक वेळ. कल्पना माझी.

ऑफिसचे उत्तमराव म्हणाले, मीटरले भविष्य दिसून राह्यलं, त्याले माह्या पोरीचं लगन कधी जमते ते विचारा. मी हसले नाही.

आत शिरताना मोबाइल १०:०७ दाखवत होता. मोबाइलच्या वेळेवर मी विसंबत नाही. वलगावहून निघते, दहाला पोचते. मशीन साक्षीला आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रहीमचाचा स्वतः अकोल्याहून आले, सोबत शेवयांचा डबा. वय साठच्या वर, हाताला सोल्डरिंगचे डाग. मीटरवर दोन वर्षे घालवली आहेत. २८ तारखेला टेंडर, सोबत आमचे सर्टिफिकेट लागते. ते नाही मिळाले तर वर्कशॉप बंद करून पुन्हा पंखे दुरुस्त करायचे, असे म्हणाले. मी म्हटले, टेस्टिंगमध्ये दया हा कॉलम नसतो. वाक्य चांगले जमले.

त्यांनी मनगटावरचे घड्याळ दाखवले. सात मिनिटे पुढे. फोन दाखवला. तोही. मी समजावले की तीन चुकीची घड्याळे मिळून एक बरोबर घड्याळ होत नाही. त्यांनी घड्याळ उतरवून फोनशेजारी ठेवले.

"बेटा, फोन चूक, घड्याळ चूक, मीटर चूक. मंग बरोबर काय आहे?"

मी माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रिपोर्ट पाठवला. नापास. कारण: वेळेत +७ मिनिटे त्रुटी. सुधारून पुन्हा सादर करावा.

ठराव: यापुढे कोणाच्या वयाकडे, घड्याळाकडे, डब्यातल्या शेवयांकडे पाहायचे नाही. (शेवया परत केल्या. अर्ध्या.)

१३ फेब्रुवारी, गुरुवार. १०:००

मीटर परत आला. चारही टेस्टमध्ये फरक शून्य.

रहीमचाचांना फोनवर विचारले, काय बदलले? तुमी म्हटलं तसंच केलं, म्हणाले. प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या. आता मीटर सॅटेलाइटकडून आलेल्या वेळेतून सात मिनिटे वजा करतो. आवाजात उत्साह नव्हता. लोकांना शिस्त लावली की असेच होते.

सर्टिफिकेटवर सही केली. ते आणि मीटर तीन वाजता अकोल्याच्या कुरिअरने गेले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी १०:०७

छपरावर नवा अँटेना बसवला, भोवती लोखंडी पिंजरा. काल संध्याकाळी रेफरन्स कॉम्प्युटर त्याला जोडला आणि ऑफिसचा कॉम्प्युटर माझ्या कॉम्प्युटरला. आता सगळी वेळ थेट आकाशातून.

आज मशीनने मला उशीर लावला. मी नेहमीच्याच वेळी आले होते. आठ महिन्यांतला पहिला लेटमार्क. नवा अँटेना खराब, अशी तक्रार घेऊन उत्तमरावांकडे गेले.

त्यांनी फाइल काढली. मागच्या जूनचा अर्ज. विषय: रस्ता खोदल्यामुळे वलगावहून येण्यास होणारा विलंब. सरासरी सात मिनिटे, बावीस दिवसांची नोंद सोबत. रस्ता होईपर्यंत मशीनची वेळ, म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरची, तेवढी मागे ठेवावी, ही विनंती. खाली सही माझी. आकडेवारी निर्दोष आहे.

"मॅडम, रस्ता तं ऑगस्टातच झाला. तुमी काही म्हनलं नाही, मी बी काही म्हनलं नाही. समद्यायचीच सोय होती."

जागेवर येऊन बसले. स्क्रीन, मोबाइल, भिंतीवरचे घड्याळ. तिन्हीकडे १०:१९. बराच वेळ १०:१९ च होते, असे वाटले.

तिकडे अकोल्यात एक मीटर आहे, जो बरोबर होता. आता तो सात मिनिटे मागे आहे, आणि तो अचूक असल्याचे सर्टिफिकेट माझ्या सहीचे आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पत्राचे तीन मसुदे झाले. पहिल्यात 'तांत्रिक कारणास्तव'. दुसऱ्यात 'त्रुटी आढळून आली'. दोन्ही वाचून स्वतःचीच किळस आली. आज गेले ते हे. नक्कल इथे ठेवते.

श्री. अब्दुल रहीम यांस,
आपला मीटर पहिल्यापासून बरोबर होता. चूक माझ्या घड्याळात होती आणि ते घड्याळ माझ्याच अर्जावरून मागे केले होते. १३ तारखेचे सर्टिफिकेट रद्द करत आहे. कृपया घातलेल्या चार ओळी काढाव्यात. आपल्याला अमरावतीला यावे लागणार नाही. टेस्टचे सामान घेऊन मी अकोल्याला येते, तिथेच टेस्ट करून नवे सर्टिफिकेट देते, म्हणजे २८ चुकणार नाही. कोणत्या दिवशी येऊ, ते सोमवार, २४ फेब्रुवारीपर्यंत कळवावे. वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे.
दीक्षा