महाराजांचा डमी

११ फेब्रुवारी

आज हे तीनदा मेले. तिसऱ्यांदा दिग्दर्शक म्हणाला, "ओके."

मालिकेचं शेवटचं पर्व. चार वर्षं चाललेलं राजघराणं आता संपणार. म्हातारे महाराज जाणार, गादीसाठी दोघे भाऊ भांडणार, मग वाडा ओस. महाराजांचं काम करणारा नट चितेवर झोपायला तयार नाही. अपशकुन, म्हणाला. म्हणून हे. यांची पाठ आणि चाल त्याच्यासारखी आहे एवढीच यांची पात्रता. घोड्यावर पाठमोरे हे, सज्ज्यात पाठमोरे हे. चार वर्षांत चेहरा एकदाही दिसला नाही. आजही तोंडावर पांढरं कापड.

त्यांच्यात एक पद्धत आहे. मेलेल्याचा शॉट झाला की मेलेल्याने उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, तेही टिपून ठेवायचं. म्हणजे इडापिडा टळते. यांना वाटलं, आता तरी चेहरा. पण हसायला मोठा नट व्हॅनमधून उतरला. हे चितेवरच पडून राहिले, उठायला कुणी सांगितलं नाही.

"मेलो मी, हसला तो," घरी आल्यावर म्हणाले. स्वतःच हसले.

डोळे पिवळट दिसले. मेकअप असेल.

१२ फेब्रुवारी

चैतीने बाकीचं सांगितलं. ती आमच्याकडे कामाला येते, माहेर सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर. रडायला तिथल्याच बायका नेल्या होत्या, तीही त्यांत होती.

दिग्दर्शक म्हणाला, राजा गेला, रडा. बायका नुसत्या उभ्या. म्हाताऱ्या रामीने विचारलं, राजाचं नाव काय? कुणीतरी कागदावरून वाचलं— श्रीमंत अमुक, सवाई तमुक. रामी म्हणाली, एवढं घेऊन रडायला दम पुरायचा नाय.

"नाव घेतल्याबगर कसं रडाचं बाई? कोन मेला ते कळाय नको?"

मग रामीला कापडाखालचे पाय दिसले. डाव्या पायाचा वाकडा अंगठा. "ये, हा तं टीव्हीवाला मधुकरदादा!"

आणि सूर लागला. मधुकरदादा रं, आमच्या पाड्याला चितार कोन दाखवील! मधुकरदादा रं, डोक्यावर बॅटरी घेऊन डोंगर कोन चढंल!

चितार म्हणजे टीव्हीवरची चित्रं; त्या पाड्यावर पहिला टीव्ही यांनीच नेला होता. बाजारातल्या आपल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून, ट्रॅक्टरची बॅटरी डोक्यावर घेऊन. बायका खऱ्याच रडल्या. दिग्दर्शक खूश. यांना कापडाखाली हसू आवरेना. म्हणूनच तीनदा मरावं लागलं.

१५ फेब्रुवारी

यांनी तीच गोष्ट आज पुन्हा ऐकवली. शेवटी डमीचं नाव येत नाही म्हणे, पडद्यावर सरकणाऱ्या यादीतसुद्धा नाही. "पण आता सगळा महाराष्ट्र ऐकेल. चेहरा नाही तर नाही. नाव तरी लागलं!"

पासष्टीचा माणूस. डोळ्यांत पाणी.

मी यांचं नाव घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, बायकांनी दार अडवलं म्हणून. नंतर नाही. वर्गात नवकविता शिकवत आले आणि घरी 'अहो'. विचार करून ठरवलं असंही नाही. तोंड वळत नाही.

डोळे पिवळेच आहेत. अंगालाही खाज.

३ मार्च

नाशिक. स्वादुपिंड. पसरलं आहे.

डॉक्टर तरुण होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी न्या. आवडेल ते खायला द्या."

परतताना खोडाळ्याला चहाला थांबलो. यांनी टपरीवरच्या टीव्हीचा रंग दुरुस्त करून दिला. टपरीवाला म्हणाला, "काका, हात आहे तुमच्याकडे!" हे म्हणाले, "आहे तोवर आहे."

१९ मार्च

मऊ भात. दोन घास.

४ एप्रिल

योगिताशी फोनवर बोलले. दिग्दर्शकाची मदतनीस, गोड मुलगी. मीच केला होता, शेवटचा भाग कधी म्हणून. जूनच्या मध्यावर.

मध्यावर!

आणि ते रडणं?

"मॅडम, ते नाही ठेवता येणार. राजाचं नाव मधुकर नाही ना. वर म्युझिक घालतोय. खूप छान झालंय म्युझिक."

त्यांना बरं नाही, एवढं बोलले. "सो सॉरी मॅडम. पण ते माझ्या हातात नाही." खरंच नसावं.

यांना सांगितलं नाही.

२२ एप्रिल

चैती उशिरा आली. विहिरीने तळ गाठला, टँकर आला नव्हता. भांडी घासता घासता रडायला लागली.

पाड्यावर सगळ्या घाबरल्यात. जित्त्या माणसाचं नाव घेऊन रडलो, म्हणून दादाला लागलं. रामीने नारळ ठेवलाय. जेवत नाही म्हणे.

मी चैतीला समोर बसवून सगळं समजावलं. गाठ आधीपासून होती. शूटिंगच्या कितीतरी महिने आधी. डोळे त्याच दिवशी पिवळे होते. तुमचा काही संबंध नाही.

तिने नीट ऐकलं. "होय बाई," म्हणाली. "पन रडलो तं आमीच ना."

९ मे

उशीला टेकून बसले होते. एकदम विचारलं, "नाव ठेवलंय ना त्यांनी?"

"हो. तो भाग त्यांनी तसाच ठेवला आहे. योगिताने कळवलं आहे."

माझ्याकडे बघून म्हणाले, "तू खोटं बोलतेस तेव्हा पुस्तकातलं मराठी बोलतेस."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. काही करायचं नव्हतं तिथे.

१२ मे

आज मालिकेत महाराज आजारी पडले. गादीवर बसून खोकतात. गाल फुगीर, गुलाबी.

"याला आजारी पडता येत नाही," हे म्हणाले. मग, "माझी पाठ बघ. खिडकीतली. पाठ बरोबर आजारी आहे."

होती.

२१ मे

गेले. सकाळी.

२२ मे

काल पुढे लिहिता आलं नाही. आजही काय लिहिणार?

अग्नी पुतण्या सर्वेशने दिला. पाड्यावरच्या बायका चालत आल्या. रामी पुढे. वाटलं, आता सूर लागेल. मी त्याचीच वाट बघत होते हे तेव्हा कळलं. त्या रांगेत उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, तोंडं मिटलेली. कुणाचा हुंदका नाही.

चैतीला खुणेने विचारलं. ती कानाशी म्हणाली, "एकडाव रडलाव बाई. एका मानसाचं दोनडाव रडत नाय. वाट अडते त्याची."

म्हणजे यांचं रडणं होऊन गेलं होतं. फेब्रुवारीत. खोट्या चितेपाशी. ते म्युझिकने पुसलं, आणि इथे आता कुणी रडणार नाही.

मलाही रडू आलं नाही. शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, "रडून घ्या हो, मोकळं वाटेल." जणू मी हट्टाने बसले आहे.

५ जून

दुकान आवरायला सर्वेश आला. लोकांचे टीव्ही तसेच पडलेत. प्रत्येकाच्या पाठीवर खडूने मालकाचं नाव, यांच्या अक्षरात. आपलं नाव कशावर नाही. पाटीवर नुसतं 'टीव्ही रिपेअर'.

१५ जून

शेवटचा भाग. चैती मुद्दाम थांबली, खाली बसून.

चिता दिसली. व्हायोलिन सुरू झालं. खरंच चांगलं आहे, तेच वाईट. बायकांची तोंडं उघडत होती, मिटत होती, आवाज नाही.

"ही मी," चैती म्हणाली. "बघा, बोलतेय मी. दादाचं नाव घेतेय." मग, "ऐकू येत नाय."

मी टीव्ही बंद केला. एवढं एकच मागितलं होतं त्यांनी. या घरात आता कशाचीच वाट बघायची नाही.

१६ जून

दुपारी तोच भाग परत लागला. लावणार नव्हते. लावला, आवाज बंद करून.

चैती म्हणाली, "बाई, तोंडावरच्या कापडाकडं बघा."

कापड नाकाखाली आत जात होतं. बाहेर येत होतं. एवढी माणसं, एवढे कॅमेरे— आणि कुणाच्या लक्षात आलं नाही! हे श्वास घेत होते.

बायकांची तोंडं उघडली. त्या जागी मी नाव घेतलं. मोठ्याने. मधुकर.

कापड पुन्हा हललं.