मोरीतलं अँथुरियम

मावशी, तू दिलेलं अँथुरियम मी आज देऊन टाकलं. आधी हे सांगते, मग बाकीचं. चौथीच्या पुढं शाळा बघितली नाही, त्यामुळं लिहिताना हात दुखतो. तुला जाऊन बारा वर्षं झाली, तुला घाई नसेल, मला आहे.

चाळीच्या खोलीत ते मोरीत होतं तोवर मला काही करावं लागलं नाही. तूच म्हणालेलीस, मोरीत ठेव, तिथं जगंल. धुणं, भांडी, आंघोळी, दिवसभर वाफ नि ओल, वरच्या जाळीतून उजेड, थंडीतही ऊब. पानं ताटाएवढी व्हायची. गेल्या वर्षी मुलानं बोईसरलाच एका खोलीचा फ्लॅट घेतला. तो केमिकलच्या कंपनीत रात्रपाळी करतो आणि दिवसा एसी लावून हॉलमध्ये झोपतो. राबून आलेल्या पोराला बंद कर कसं म्हणू? बाथरूमला खिडकी नाही, किचनमध्ये गॅसची धग, बाल्कनीत दुपारभर ऊन. मग झाडही हॉलमध्येच. महिन्याभरात पानांच्या कडा जळाल्या, हात लावला की कुरकुर वाजायच्या.

सुनेनं मोबाइलवर वाचून दाखवलं. "आई, ह्याला अठराच्या खाली गारवा चालत नाही, तिसाच्या वर उकाडा नको, आणि हवेत सत्तर टक्के ओल पाहिजे." मी म्हटलं, सत्तर टक्के म्हणजे किती? म्हणाली, मोजायचं यंत्र मिळतं. मागवलंही. एसी चालू असला की आकडा चाळिसाच्या वर जाईना. मी थाळीत खडे टाकून पाणी भरलं, वर कुंडी ठेवली, बाजूला ओलं गोणपाट टांगलं. मुलगा उठून बघतो नि म्हणतो, "आई, घर आहे की नर्सरी?" मी म्हटलं, "तू झोप." आणि परवा सून कुंडीत तांब्या ओतताना दिसली. मी तिचा हात धरला. "हवा कोरडी आहे, झाड तहानलेलं नाही. बुडवशील त्याला." एवढी ओरडले की ती बघतच राहिली. म्हणाली, "आई, पाणीच तर घातलं." तिला काय सांगणार, पाणीच तर मीही घातलं होतं.

मी जतकडची. आमच्याकडं हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालायचं, झाडाला पाणी घातलं की म्हातारी माणसं डोक्यावरून हात फिरवायची. इथं आले तर मीठ बरणीत विरघळतंय, लुगडं दोन-दोन दिवस वाळत नाही. शिरगावच्या वाटेवरच्या त्या नर्सरीत लागले तेव्हा शेडनेटखाली शिरले की जीव गुदमरायचा. तू तिथली जुनी कामकरीण, हसायचीस. "मान वली झाली का तुजी? मग झाडाला बरं हाय. तुला बरं वाटलं तर समज, झाडाला वाईट." दर दुपारी तू खाली विटांवर पाणी मारायचीस, गोणपाटं भिजवायचीस, कुंडीला मात्र हात लावू द्यायची नाहीस. नारळाच्या सोडणातली मुळं बोटानं चाचपून ठरवायचीस. मला वाटायचं, म्हातारी कंजूष आहे.

मग तू दोन दिवस नवापूरला भाच्याच्या लग्नाला जातेस. एप्रिलचा कोरडा वारा सुटलाय, पानं मान टाकतायत, आणि शेड माझ्या हातात. मी पाइप घेते आणि एकेका कुंडीत भरभरून पाणी सोडते, सकाळी नि संध्याकाळी. विटांवर मारत नाही, जमिनीवर पाणी सांडणं मला पाप वाटतं. खरं सांगू, ते दोन दिवस मी फार सुखात होते. पंधरा दिवसांत दोन रांगा पिवळ्या पडल्या. तू एक कुंडी उपसलीस, काळं मूळ दोन बोटांत धरून चिरडलंस आणि माझ्या नाकाखाली धरलंस. "हवा कोरडी होती गं. झाड तानेलं नव्हतं. तू बुडवलंस त्याला." एवढंच. तेवढ्यात मालक आला. कोणी केलं, म्हणाला. माझ्या नवऱ्याची कंपनी तेव्हा बंद पडलेली, पोरगं पाच वर्षांचं. तुला ते माहीत होतं. तू म्हणालीस, "माज्या हातनं झालं. म्हातारी झाली मी." मी खाली विटांकडं बघत राहिले.

त्यानं तुला बाहेर काढलं, उन्हात माती चाळून पिशव्या भरायला, आणि शेड मला दिली. चार वर्षं मी सावलीत, तू उन्हात. तू कधी काही बोलली नाहीस. एकदाच, डबा खाताना म्हणालीस, "सावलीत गोरी झालीस गं." मी डबा झाकून ठेवला. काम सोडलंस त्या दिवशी मला ह्या अँथुरियमचं पिल्लू दिलंस, सोडणात गुंडाळून. मी घेतलं. तेव्हाही बोलायला जमलं असतं.

आज रिक्षानं नवापूरला तुझ्या लेकीकडं गेले, कुंडी मांडीवर घेऊन. ती ओट्यावर जवळा निवडत होती. म्हटलं, तुझ्या आईचं झाड आहे, माझ्याकडं मरेल. न्हाणीजवळ ठेव, खारा वारा लागू देऊ नको, आणि पाणी घालायची घाई करू नको. तिनं हात धुतले, पदराला पुसले, जळकं पान बोटानं उचलून बघितलं. मला चहा दिला. मग म्हणाली, "मावशे, एक इच्यारू? आयेला शेडमधनं बाहेर का काढलं? आमी लय येळा इच्यारलं, ती मरेपरत बोलली नाय. लोक म्हनायचे, चोरी केली असंल."

चोरी. हे मला माहीत नव्हतं, मावशी. कप हातात होता, तिचे डोळे माझ्यावर होते, दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "चोरी नाही गं. तिच्या हातून झाडं कुजली. वय झालं होतं तिचं."

ती म्हणाली, "मंग बरं," आणि पुन्हा जवळा निवडायला बसली. हा कागद तिला वाचून दाखवता येईल, रिक्षा तिथवर जाते. पण मी जाणार नाही, मला माझी खात्री आहे. येताना हिशेब केला तेवढा लिहून ठेवते. वय झालं नव्हतं तुझं. तू तेव्हा माझ्या आजच्या वयाचीसुद्धा नव्हतीस.