येळवशीला मागितलेली चिंच

लातूर,
१४ डिसेंबर २०२४

ती. मालविकाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. मार्चमध्ये आमच्या बोन्साय मंडळाचं प्रदर्शन आहे आणि माझ्याकडे कुंडीत वाढवलेल्या रोपांखेरीज काही नाही. लोकांनी थांबून बघावं असं जुनं खोड रानातच मिळतं, आणि रानाला मालक असतो. तिथेच सगळं अडतंय.

परवानगी मागत महिनाभर हिंडलो. औशाजवळच्या धोंडप्पा नावाच्या गृहस्थांनी बोन्साय म्हणजे काय ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की घरी झाड मावत न्हाई तर ठेवताच कशाला. दुसऱ्या एकाने बायकोला हाक मारली आणि मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. तिची करमणूक व्हावी म्हणून. क्लासमध्ये माझ्यापुढे तीनशे मुलं श्वास रोखून बसतात, आणि इथे ज्या झुडपाकडे यांनी जन्मात पाहिलं नाही, ते मागितलं की हे भाव खाणार.

पण झाड सापडलं. रेणापूरजवळ आपल्या व्यंकटच्या बांधावर. अण्णा तिथल्या शाळेवर गुरुजी होते तेव्हापासून त्याच्या शेतात आपण दर येळवशीच्या अमावास्येला जेवतो, पण ही चिंच कधी दिसली नव्हती. शेळ्या वर्षानुवर्षं शेंडे खात आल्या, त्यामुळे उंची गुडघ्याएवढी आणि खोड मांडीएवढं. या येळवशीलाच मागतो. त्या दिवशी शेतकरी कोणाला नाही म्हणत नाही.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहे तेवढा राहू दे, टोमणे कमी कर.

तुझा,
राघवेंद्र


नांदेड,
२० डिसेंबर २०२४

चि. राघवेंद्रास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. धोंडप्पा पुन्हा भेटले तर माझा नमस्कार सांग.

तुझ्या छंदाबद्दल बोलायचं नाही असं कालच डायरीत लिहिलं होतं, आज मोडते. चांगलं वाढणारं झाड तारेने आवळायचं, बशीत बसवायचं आणि पुढे नावाची पाटी लावायची, ही तुम्हा लातूरच्या क्लासवाल्यांची जुनीच सवय दिसते.

तुझी युक्ती मात्र त्याहूनही हलकी आहे. येळवशीला माणूस शेतात कडब्याची कोप घालतो, पूजा करतो आणि वाटेवरच्या अनोळखी माणसालाही बोलावून भज्जी-आंबील वाढतो. अशा दिवशी, तोंडात त्याचाच घास असताना त्याचं झाड मागायचं, आणि वर त्याला परवानगी म्हणायचं? मागायचंच असेल तर साध्या दिवशी जा, तो कामात असताना. नाही म्हणायला त्याला जागा ठेव.

मी यंदा येत नाही. तुला तिथे मागताना बघायची माझी तयारी नाही. हे लिहिताना एक शंका येतेय, की मला व्यंकटची काळजी आहे की तू फजित व्हावंस असं वाटतंय. दोन्ही असेल.

थंडी आहे, कान बांधत जा. माया आहे, ती या पत्रात शोधू नकोस.

तुझी,
ताई


लातूर,
२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काम झालं. जेवणं उरकल्यावर कोपीतच विषय काढला. व्यंकट म्हणाला, न्या की सर, त्यात काय लई मोठं. त्याची आई, कस्तुराबाई, आंबील वाढत होत्या. त्याही होय म्हणाल्या, आणि वर विचारलं, की एवढं शिकून शेवटी खुरटंच आवडलं का तुमाला. सगळे हसले. मीही हसलो. यात कोणाचा गळा दाबला गेला ते तू सांग.

फेब्रुवारीत, नवी पालवी फुटायच्या आत खणणार. लाकडी ट्रे करायला टाकलाय. मंडळाच्या अध्यक्षांना फोटो पाठवले. मधलं टेबल मला द्यायचं म्हणतात. कस्तुराबाई समजूतदार बाई आहेत. तुझ्या डायरीत त्यांच्यासाठी एखादी ओळ काढ.

तुझ्या शंकांना नमस्कार, तुला साष्टांग.

तुझा,
राघवेंद्र


नांदेड,
१९ जानेवारी २०२५

चि. राघवेंद्रास,
अनेक आशीर्वाद.

तुला न सांगता काल रेणापूरला जाऊन आले. कस्तुराबाई तूर बडवत होत्या. मी सरळ सांगितलं, की येळवशीच्या दिवशी तुम्ही भिडेपोटी हो म्हणाला असाल, राघवेंद्राचं मनावर घेऊ नका, नको असेल तर मोकळेपणाने नाही म्हणा. एसटीत बसून हे वाक्य मी कितीदा तरी घोळवलं होतं.

त्यांनी काठी खाली ठेवली. म्हणाल्या, आमाला न्हाई म्हणायची मुभा द्यायला तू कोण गं? येळवशीला आम्ही काय येडे होतो का? गुरुजीचं पोरगं, त्याला खुरटं आवडलं, दिलं. लेकरागत खुश झालं, आमाला बी बरं वाटलं. आता तू नांदेडहून तिकीट काढून सांगायला आलीस, की आमाला देता येत न्हाई, आमाला तोंड न्हाई. तुला न्हाईच ऐकायचं हाय ना? मग न्हाई. सांग त्याला, झाड मिळत न्हाई.

व्यंकट मध्ये पडायला गेला, त्यालाही गप्प केलं. मग मला चहा दिला आणि काठी उचलून पुन्हा तूर बडवायला लागल्या.

म्हणजे तुझी परवानगी खरी होती. ती मी मोडली. त्या माणसांना अडाणी धरून तू मागायला गेलास आणि तसंच धरून मी त्यांना वाचवायला गेले. तुला निदान झाड तरी हवं होतं. मला काय हवं होतं ते काल लिहायला बसले, आणि जे लिहिलं गेलं ते वाचवेना.

काय बोलायचं ते बोल. त्यानंतरही काही शिल्लक उरलं तर कळव.

तुझी,
ताई


लातूर,
५ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मजकूर सभ्य होत नव्हता. मधलं टेबल आता पुण्याहून विकत आणलेल्या एका वडाला मिळालं आहे. त्याचं खोड पाहून मला हसू आलं, तेवढंच.

काल क्लास बुडवून रेणापूरला गेलो. कुदळ नेली नाही. तुझ्या वतीने माफी मागायची ठरवली होती, पण कस्तुराबाईंसमोर उभा राहिलो आणि ते वाक्य तुझ्याच वाक्याच्या वळणावर जायला लागलं. सोडून दिलं. नुसती चिंच मागितली. त्या न्हाई म्हणाल्या. कारण सांगितलं नाही.

आजवर ज्यांनी नकार दिला, त्यांना मी मनातल्या मनात अडाणी म्हणून पुढे जात आलो. इथे ते जमेना. महिन्यापूर्वी याच बाईंना मी समजूतदार म्हटलं होतं, तुला लिहून.

येताना बांधावरून आलो. शेळ्या शेंडे खात होत्या. खोडाला एकदा हात लावावासा वाटला. विचारलं नव्हतं, म्हणून लावला नाही.

यापुढे माझ्यासाठी कोणाला मोकळं करायला जाऊ नकोस. राग आहे. तो उतरेपर्यंत दोघांचाही लोभ तूच सांभाळ.

तुझा,
राघवेंद्र