भरवशाचा नाही

उस्मानपुरा, औरंगाबाद
मार्च १९५१

तीर्थरूप आप्पासाहेब मामांच्या पायी बद्रीनाथचं डोकं.

पैठणच्या हवेनं तुमची ढास कमी झाली असंल आणि मामींचा गुडघा आता पायऱ्या चढू देत असंल, अशी आशा आहे. इकडं सगळे खुशाल. फक्त माझी नोकरी जायच्या बेतात होती, पण ती मी माझ्याच हातानं घालवत होतो, तेव्हा काळजी नसावी.

त्याचं असं झालं. पोलिस ॲक्शननंतर आमच्या कचेरीत जुन्या उर्दू कागदांची एक गुप्त खोली झाली. (आधी तिथं चपराशी डबे खायचे.) त्या कागदांचं मराठी करायला माणूस हवा, आणि ते गिचमिड शिकस्ता अक्षर वाचणारे आम्ही दोघंच: मी, आणि शाळेत शेजारी बसून मला ते शिकवणारा गयास. पण नवा नियम असा की पोलिसांनी चालचलन तपासल्याशिवाय त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. आम्ही चार-चार प्रतींत फॉर्म भरले. आजोळ कुठलं, कोणत्या सभेला गेलात, पाकिस्तानात कोण असतं, सगळं लिहिलं. सहा महिन्यांनी आमच्या दोघांच्या फायली लाखेचं सील लागून आल्या. सील फोडलं तर निजामाच्या पोलिसांच्या फायली, सबंध उर्दूत! साहेब नागपूरकडचे, त्यांना अलिफसुद्धा कळत नाही. वाचणारे दोघंच, आणि दोघांनाही वाचायची परवानगी नाही. शेवटी साहेबांनी तोड काढली. गयासनं माझी फाईल वाचून साहेबांसाठी मराठीत लिहायची, मी त्याची, आणि एकमेकांजवळ अवाक्षर काढायचं नाही. (मी विचारून पाहिलं. "गुप्त है भई," म्हणाला आणि तासभर हसत होता.)

गयासच्या फायलीत एकच पान होतं. (हे तुम्हाला कळवणं गुन्हा आहे. कळवतोय.) सन १३५७ फसलीत (म्हणजे पोलिस ॲक्शनच्या आधी, निजाम काँग्रेसवाल्यांना धरत होता तेव्हा) त्याला चौकीत बसवून तीन दिवस विचारत होते, तुझे स्टेट काँग्रेसवाले दोस्त कुठं लपलेत? खाली शेरा: 'दोस्तांची खबर देत नाही. भरवशाचा नाही.' मामा, त्या दोस्तांतला एक मी होतो. हर्सूलला साळूबाई गवळणीच्या गोठ्यात मी कडब्याआड बसलो होतो, ते गयासला पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर आजवर या माणसानं त्या तीन दिवसांचं नावही काढलं नाही.

आमचे हेडक्लार्क रामकिसन म्हणाले, "एवढं कशाला लिहिता? 'भरवशाचा नाही' एवढं लिहा अन् व्हा मोकळे. जागा एकच हाय, तुम्हालाच मिळंल."

"लिहीन तर दोन्ही वाक्यं लिहीन," मी म्हणालो. लिहिली. खाली माझं मतही जोडलं, की गुपित सांभाळायला याच्याहून लायक माणूस सरकारला मिळायचा नाही. त्यावर साहेबांचा मेमो आला: तुम्हाला भाषांतराची परवानगी होती, मजकूर समजून घ्यायची नव्हती, खुलासा करा. मी खुलासा केला, की न समजता भाषांतर करणारा माणूस सरकारनं शोधावा, तोवर गयासशिवाय मीही त्या खोलीत पाय ठेवणार नाही. लई गहजब झाला. दहा दिवस खोलीला कुलूप, आणि हैदराबादहून तारांवर तारा. अकराव्या दिवशी साहेब नरमले. एक अट घालून दोघांनाही घ्यायला तयार झाले.

तुमचाच (आणि फक्त तुमचाच) आज्ञाधारक भाचा,
बद्रीनाथ

ता. क. अट अशी की कुणा प्रतिष्ठित माणसानं सहीनिशी हमी द्यावी. फॉर्म सोबत आहे. तो माझा नव्हे, गयासचा आहे.

आणखी एक. त्यात 'अर्जदारास जवळून ओळखता काय?' असं विचारलंय. तुम्ही त्याचं तोंडही पाहिलेलं नाही, आणि तुम्हाला खोटं लिहायला सांगणं मला शोभत नाही. म्हणून रविवारी सकाळच्या मोटारीनं त्याला घेऊन येतोय. दिवसभरात जवळून ओळखून घ्या आणि संध्याकाळच्या मोटारीआधी सही करा.