मागच्या बाजूचं पाणी

४ एप्रिल
पुन्हा पांढरं! परवापर्यंत कसं तांबूस, टवटवीत होतं समुद्रात दोऱ्यांवर लावलेलं आमचं शेवाळ. आज दोरीला हात लावला तर शेंडे तुटून बोटांना चिकटले. पाणी नुसतं कोमट — मेलं अंघोळीला काढल्यासारखं! आता काय समुद्रात बर्फाच्या लाद्या टाकू?

५ एप्रिल
मत्स्य खात्याचे साहेब येऊन गेले. म्हणाले, गरम प्रवाह यंदा बेटाच्या पुढच्या अंगाला चिकटून बसलाय, इतक्यात हलायचा नाही. "मागच्या बाजूला दोऱ्या बांधा. तिथे खोलातला प्रवाह बेटाला आपटतो, तळाचं गार पाणी वर येतं. शेवाळ जगेल."

साहेबांचं काय जातंय सांगायला! मागच्या बाजूलाच सासरे गेले. त्याच प्रवाहानं ओढून नेलं, हाती काही लागलं नाही. तेव्हापासून सासूबाईंनी ह्यांना शपथ घातलीय — तिकडे होडी न्यायची नाही.

८ एप्रिल
निम्म्या दोऱ्या गेल्या. ह्यांनी शेवटी विषय काढलाच. सासूबाई भाजी चिरत होत्या, मान वर केली नाही. "माझ्या मढ्यावरून जा."

झालं! हे ताडकन उठले. "मग हे पीक गेलं की मी जहाजावर कामाला जातो. बस वर्षभर वाट बघत."

मी मधे, पिठाचे हात घेऊन उभी. कोणाची बाजू घेऊ? तिकडे गेले तर बुडायची भीती, नाही गेले तर जहाज आहेच. दोन्हीकडून मीच मरणार!

९ एप्रिल
पाणी आणखी तापलं.

११ एप्रिल
ह्यांनी माळ्यावरून बॅग काढली. कपडे भरतायत. मला विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी सासूबाई काठावर पाय बुडवून बसल्या होत्या. "आज जरा गार वाटतंय, नाही गं?" मी म्हटलं, "हो आई." कसलं गार! दोघींनाही माहीत होतं. घरी आले आणि मोरीत जाऊन पोटभर रडले. प्रवाह काय माझा नोकर आहे, वळ म्हटलं की वळायला?

१२ एप्रिल
सकाळी उठले तर सासूबाई घरात नाहीत. काठावर छोटी होडी नाही. धड राहिलेल्या दोऱ्याही नाहीत! हे टेकडीवर धावले आणि तिथूनच ओरडले — आई मागच्या बाजूला आहे, एकटीच दोऱ्या बांधतेय!